लोकर सुटेपर्यंत

आबांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द बहुधा 'थांबा' असायचा. चहा पुढे केला तरी थांबा, एसटी आली तरी थांबा, आणि मेंढी पुढे केली तर थांबाच थांबा. मेंढ्या कातरून पोट भरणाऱ्या माणसाला हा शब्द खरं तर परवडणारा नव्हता. बाकीचे कातरणारे धनगरांच्या तळावर आले की बाह्या सरसावून बसायचे, दिवसाकाठी पंचवीस-तीस मेंढ्या मोकळ्या करायचे आणि पुढच्या तळाकडे चालू लागायचे. आबा आधी तळाभोवती एक चक्कर मारायचे, दोन-चार मेंढ्यांच्या मानेवरची लोकर बोटांनी फाकून आत डोकवायचे आणि बऱ्याचदा कातर पिशवीतून बाहेर न काढताच परत निघायचे. "आठ दिसांनी येतो," म्हणायचे. धनगरांच्या बायका माघारी त्यांना थांबेआबा म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची टाप नव्हती, कारण आबांचं थांबणं आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

सटाणा तालुक्यातल्या एका गावात मी जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जनावरांच्या दवाखान्यात बाई आली, हीच गावाला बातमी होती. पहिला महिनाभर लोक म्हैस घेऊन यायचे, मला बघायचे, "डॉक्टर साहेब कधी येतील?" असं मलाच विचारायचे आणि म्हैस परत न्यायचे. आबा एकदा दवाखान्याच्या ओट्यावर येऊन टेकले आणि तासभर नुसते बघत राहिले. मी एका शेळीच्या खुरातला काटा काढत होते. काम झाल्यावर ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हात हलका हाय बाई तुमचा. फक्त घाई हाय." गावात मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हशी घेऊन आले ते परत नेईनासे झाले. आबांनी चावडीवर काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

ते मूळचे सिन्नरकडचे. लग्नानंतर सासुरवाडीच्या आधाराने इकडे आले आणि बायको वारल्यावरही इथेच राहिले. उंच, पण वर्षानुवर्षं मेंढीवर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कातरीच्या दांड्याने पडलेला घट्टा इतका जाड होता की चुलीतला निखारा ते त्या अंगठ्याने सहज सरकवायचे. स्वतःची म्हणावी अशी एकही मेंढी त्यांच्याजवळ नव्हती. मुलगा नामदेव कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि त्याला बापाच्या धंद्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. "मेंढ्या कशाला पाहिजेत मला?" आबा म्हणायचे. "ह्या समद्या माझ्याच की."

'लोकर सुटली' हा त्यांचा शब्द. आमच्याकडची काळी मेंढी वर्षातून दोनदा कातरायची, एकदा दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणि एकदा होळीच्या आगेमागे. पण आबांच्या लेखी सण म्हणजे नुसता अंदाज. "मेंढी काय पंचांग बघत नाय बाई, ती उजेड बघती. दिवस वाढाया लागला का तिच्या कातड्याला कळतं." मग लोकर फाकून ते मला आत दाखवायचे. वर जुनी, मळकी, धुळीने भरलेली लोकर आणि अगदी तळाशी, कातडीला लागून, नव्या केसांची बारीक चकाकती रेघ. ती रेघ गव्हाच्या दाण्याएवढी वर आली की जुनी लोकर सैल पडते, उचलली जाते. कातर त्या दोन्हींच्या मधून अलगद फिरते. जुनं निघून जातं आणि अंगावर नवं राहतं. "ही खालची तिची बंडी," आबा सांगायचे. "बंडी आल्याबिगर सदरा काढायचा नाय. वाऱ्यात उघडी पडंल ती."

तळावर पोचायच्या आधीच त्यांना निम्मं उत्तर बांधावरच्या बाभळींकडून मिळालेलं असायचं. मेंढ्यांच्या वाटेवरच्या काट्यांना लोकरीचे पुंजके दिसले की आबा खूश. त्यातही ओढून तुटलेली लोकर कुठली आणि आपसूक सुटून अडकलेली कुठली, हे ते लांबूनच ओळखायचे. एखादा पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सांगा." मी सांगायचे, आणि ते गालातल्या गालात हसायचे. कॉलेजात पहिल्या वर्गात आलेली मी आबांच्या बाभळीखाली बहुतेक वेळा नापास झाले.

कातरताना मेंढीचे पाय बांधायचे नाहीत, ही त्यांची दुसरी तऱ्हा. बाकीचे तीन पाय एकत्र आवळायचे आणि कामाला लागायचे. आबा मांडी घालून बसायचे, मेंढीचं डोकं काखेत घ्यायचे आणि घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायचे. मेंढी एवढी सैल व्हायची की काम संपलं तरी उठायची नाही. आई कातरायला घेतली की तिचं कोकरू समोर बांधून ठेवायचे. मला आधी ते लाड वाटले. पण एकदा दुसऱ्या कोणी कातरलेल्या कळपाजवळ गेले तेव्हा कळलं. आया एकदम वेगळ्या दिसायला लागल्या होत्या आणि कोकरं त्यांच्याकडे बघून मागे पळत होती, केविलवाणी ओरडत होती. आबांनी कातरलेल्या कळपात असा आकांत नसायचा. कोकराच्या डोळ्यांदेखत आई बारीक झालेली असायची. तरी एखादं बावचळलंच, तर ते आईला लुचेपर्यंत आबा चहाला हात लावायचे नाहीत. चहा निवायचा आणि धनगरीण चिडायची.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते त्यांच्या बोटांचं. मेंढीच्या खांद्यावरची लोकरीची एक बट ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचे आणि हलकेच ताणायचे. चांगली असली तर ती तुटायची नाही. एकदा भागाबाई नावाच्या धनगरणीच्या एका मेंढीची बट मधोमध पटकन तुटली. आबांनी तुटलेलं टोक न्याहाळलं आणि विचारलं, "पोळ्याच्या टायमाला उपाशी व्हती का ही?" भागाबाईने मान खाली घातली. पोळ्याच्या सुमाराला ती पंधरा दिवस तापाने पडून होती आणि मेंढ्यांच्या चाऱ्यापाण्याची आबाळ झाली होती. भुकेच्या किंवा तापाच्या दिवसांत उगवलेला केस तेवढ्या जागी बारीक पडतो, हे मी नंतर पुस्तकात धुंडाळून काढलं आणि धावत जाऊन आबांना सांगितलं की तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते म्हणाले, "बरं झालं बाई, पुस्तकानं मान्य केलं."

त्याच पुस्तकात लडाखकडच्या रानमेंढीचा एक फोटो होता. उन्हाळ्याच्या तोंडाचा असावा, कारण तिच्या मानेखालून आणि पोटाखालून जुन्या केसांच्या चिंध्या लोंबत होत्या. आबांनी तो फोटो उन्हात नेऊन बघितला.

"हिची कोन कातरतं?"

"कोणीच नाही. थंडी सरली की आपोआप गळून जाते. दगडाला, झुडपाला अंग घासते आणि मोकळी होते."

"मंग आपलीची का नाय जात समदी?"

मी सांगितलं की हजारो वर्षांपूर्वी सगळ्याच मेंढ्या अशा होत्या. माणसाने जास्त लोकरीच्या निवडून निवडून वाढवल्या, आणि गळायची सवय हळूहळू मोडत गेली. आपल्या मेंढीत ती थोडी उरली आहे, म्हणून ती रेघ दिसते. विलायती मेंढीत तर तेवढीही उरली नाही, तिला कोणी कातरलं नाही तर लोकरीच्या ओझ्याने ती मरेल. आबांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "म्हंजी तिची सवय आपन मोडली," ते म्हणाले. "मंग तिच्या कलानं घ्यायला नको का आपन?" त्यानंतर ते कधीही कातर उचलण्याआधी मेंढीच्या पाठीवर पालथा हात ठेवून क्षणभर बसू लागले. आधी तसं करायचे की नाही, मला आठवत नाही. कदाचित माझंच लक्ष नसेल.

दीड-दोन वर्षांत आबा माझ्या घरचे झाले. मी खोलीवर एकटी राहायचे, म्हणून नामदेवच्या बायकोच्या हातची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आठवड्यातून दोनदा तरी घेऊन यायचे. अडलेल्या मेंढीच्या पोटातून मी कोकरू सोडवलं की बाप असल्यासारखे चारचौघांत मान ताठ करून उभे राहायचे. माझ्या इंजेक्शनांची चेष्टाही करायचे. "सुई म्हंजी घाईची मावशी," म्हणायचे. मला वडील नव्हते. आबांना मी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते कळलेलं असावं. नाहीतर पुढे जे झालं ते झालंच नसतं.

त्या वर्षी पौष सरता सरता वरच्या ऑफिसातून निरोप आला. मेंढ्या कातरायचं विजेवरचं यंत्र चार दिवसांसाठी आपल्या तालुक्याला मिळतंय, जनरेटर आणि चालवणारा माणूस त्यांचाच. प्रात्यक्षिक ठेवा, शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येतील. मी हरखून गेले. बाई म्हणून मला हसणाऱ्या सगळ्यांना दाखवून द्यायची ही संधी होती. गावोगाव निरोप धाडले, दवाखान्यासमोर मांडव घातला. पहिल्या दिवशी एक मेंढी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या धनगरांचं उत्तर एकच, "आबा काय म्हणतात?"

सगळ्यात जवळचा तळ भागाबाईचा होता. नवऱ्यामागे तिने एकटीने शंभरभर मेंढ्या सांभाळल्या होत्या, आणि एका कांदेवाल्याच्या रिकाम्या शेतात खतासाठी त्या बसवल्या होत्या. तिने मेंढ्या आणल्या असत्या तर बाकीचेही आले असते. तिसऱ्या दिवशी मी आबांना घेऊन तिच्या तळावर गेले. आबांनी पाच-सहा मेंढ्यांच्या माना फाकून बघितल्या आणि मला बाजूला घेतलं.

"सुटली नाय बाई. अजून तीन आठवडे तरी."

"यंत्र शनिवारी परत जाणार आबा."

"जाऊ द्या की. मेंढ्या कुठं पळून जात्यात?"

"साहेब येणार आहेत. एकही मेंढी आली नाही तर मी त्यांना काय दाखवू? मांडव?"

त्यांनी वळून मेंढ्यांकडे बघितलं. मी म्हणाले की थंडी आता ओसरलीच आहे, ऊन चांगलं पडतंय, परदेशात तर याहून थंडीत कातरतात. परदेशात त्यांना गोठे असतात, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही. शेवटी मी म्हणाले, "आबा, एवढं माझ्यासाठी करा."

आबा बोटांना लागलेली लोकरीची चिकटण धोतराला पुसत उभे राहिले. मग भागाबाईकडे गेले. मी चार पावलांवर होते, मला नीट ऐकू आलं.

"आन मेंढ्या उद्या," ते म्हणाले. "सुटली लोकर."

भागाबाईने पुन्हा विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मेंढ्या घेऊन आली. यंत्राचा आवाज, मेंढ्यांची ओरड, माणसांची गर्दी, साहेबांच्या गळ्यात हार, सगळं झोकात झालं. आबा मांडवाच्या कडेला उभे होते. हाताने कातरताना ते अंगावर बोटभर लोकर ठेवायचे. यंत्र कातडीला लागून फिरत होतं. "लय उघडं करतंय," ते एकदाच म्हणाले, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साहेब जाताना म्हणाले की तरुण डॉक्टरांनी असाच उत्साह दाखवला पाहिजे. बाकीचे धनगर पुढच्या वेळी येतो म्हणाले. यंत्र शनिवारी ठरल्याप्रमाणे परत गेलं.

सोमवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. उत्तरेकडून असं वारं सुटलं की द्राक्षबागवाल्यांचे चेहरे उतरले. दुपारी पाऊस सुरू झाला, बारीक, तिरपा आणि बर्फासारखा गार. मी सायकल काढून तळावर गेले तर आबा माझ्या आधी तिथे होते. नामदेवच्या मालकाच्या खळ्यातून त्यांनी कांद्याचं बारदान उचलून आणलं होतं, आणि दाभण-सुतळीने ते गोणपाट मेंढ्यांच्या पाठीवर शिवत होते. मेंढ्या एकमेकींत घुसून थरथरत होत्या. गोणपाट भिजून जड झालं आणि शिवलेलं पुन्हा उसवून काढावं लागलं. शेकोटी धरेना. मी एकामागून एक सुया टोचत होते. अंगावर बंडीच नव्हती, त्याला सुई काय करणार? दिवस मावळेपर्यंत पाऊस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं आणि कांद्याच्या शेतात निम्म्याहून जास्त मेंढ्या आडव्या झाल्या होत्या. पोटुशी होत्या त्या तर जवळजवळ सगळ्याच.

भागाबाई रडत नव्हती. ती बागलाणातली, अहिराणी बोलणारी. आबांसमोर येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आबा, तूच सांगेल व्हतं ना, लोकर सुटी गयी म्हनीसन?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदासुद्धा पाहिलं नाही. ते म्हणाले, "माझा हात चुकला भागाबाई. बोटाला कळलं नाय."

मी तिथेच उभी होते, हातात औषधांची पेटी घेऊन. 'त्यांचा हात चुकला नाही, मी त्यांना बोलायला लावलं', हे वाक्य पुरं करायला मला फार तर एक श्वास लागला असता. मी बोलले नाही. नोकरीची भीती होती, भागाबाईच्या डोळ्यांची भीती होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी आबांनी सगळं अंगावर घेतलं म्हणून मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्या दिवशी मी अहवाल लिहिला. मृत्यूचं कारण: अवकाळी पाऊस व अतिथंडी. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर आबांना कोणी बोलावलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. नुसतं बोलावणं बंद. ज्याचं थांबणं कधी वाया गेलं नाही त्याचा हात गेला, असं धनगर म्हणाले, आणि दुसऱ्या कातरणाऱ्यांना बोलावू लागले. दसऱ्याला भागाबाईच्या वाचलेल्या मेंढ्या कातरायला वेगळाच माणूस आला होता. मी तिथे गेले आणि कोणी बघत नाही असं पाहून एका मेंढीची बट चिमटीत धरून ताणली. टोकाजवळ तुटली. दुसरीची ताणली, तीही तिथेच तुटली. माघातले ते दोन दिवस होते ते. मग मी तिसरी धरली नाही.

आबा नामदेवच्या मालकाच्या खळ्यात कांद्याच्या गोण्या शिवायला बसू लागले. मला भेटले की पूर्वीसारखेच बोलायचे, भाकरी आणायचे. त्यांच्या बोलण्यातून एकच शब्द गेला होता. चहा पुढे केला की आता लगेच घ्यायचे. मला त्यांच्या चांगुलपणाचा जाच होऊ लागला, आणि पुढच्या वर्षी पिंपळगाव बसवंतला बदलीची संधी आली तेव्हा मी ती मागून घेतली. पळूनच गेले म्हणा. तिथून आणखी काही वर्षांनी नाशिकला आले. पंचवटीत घर केलं, लग्न झालं, मुलगी झाली. आबांना दिवाळीला पत्र टाकायचे, आणि नामदेवच्या अक्षरात दोन ओळींचं उत्तर यायचं.

एकविसावं शतक लागलं तोवर लोकरीचे दिवसच संपले होते. घोंगडी घेणारं कोणी उरलं नव्हतं, कातरणावळही निघेना, कातरलेली लोकर बांधावर तशीच पडून राहायची. धनगरांनी दक्षिणेकडून बिनलोकरीचे नर आणले. त्यांचा वाण उंच, अंगावर शेळीसारखे आखूड केस, मटण जास्त, आणि कातरायची गरजच नाही. थोडेफार केस ऋतू बदलला की आपोआप झडतात. पाच-सात वर्षांत काळी मेंढी शोधावी लागू लागली.

अशातच आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आले आणि पंधरा दिवस माझ्याकडे राहिले. फार थकले होते. एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून सकाळी गॅलरीत बसायचे आणि खाली भाजीबाजाराकडे जाणाऱ्या हातगाड्यांचे आवाज ऐकायचे. भागाबाईच्या नव्या मेंढ्या त्यांनी लांबून पाहिल्या होत्या. "तुमच्या पुस्तकातल्या फोटूसारख्याच म्हना की," ते म्हणाले. "कोनाची गरज नाय त्यांना. चांगलं हाय." मला ते ऐकवेना. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी त्या सकाळी बोलले. म्हटलं, "आबा, तुम्हाला पोचवायला मी गावी येते. भागाबाईला सगळं खरं सांगते. तुमचा हात चुकला नव्हता, हे लोकांना कळायला हवं."

ते दचकले. पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळला.

"काय सांगाल?"

"हेच, की लोकर सुटली नाही हे तुम्हाला माहीत होतं. माझ्या हट्टापायी तुम्ही सांगितलंत."

"म्हंजी आबा खोटं बोलला, असं सांगाल."

त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग नेहमीपेक्षा हळू बोलले, "आत्ता त्यांना वाटतं, हात चुकला. म्हातारा झाला व्हता, बोटं मेली. हात कोनाचाबी चुकतो पोरी, मानसं ते पोटात घालत्यात. पन माझ्या शब्दावर मेंढ्या आनल्या तिनं. तो शब्दच खोटा व्हता, हे कळलं तर मंग मागचे चाळीस वरीस जे जे सांगितलं ते समदं खोटं व्हईल. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

"पण आबा, दोष माझा होता."

"तुमी मागितलं. द्यायचं का नाय ते माझ्या हातात व्हतं." मग माझा हात धरला आणि म्हणाले, "नका सांगू. वचन द्या."

मी वचन दिलं. इतक्या वर्षांनी धीर करून पापातून मोकळी व्हायला निघाले होते, आणि माझं मोकळं होणं त्यांच्या उरल्यासुरल्या अब्रूवर उठणार होतं. तेवढा विचारही मी केला नव्हता. घाई, दुसरं काय? आज हे लिहिताना आबा नाहीत, आणि भागाबाईला जाऊनही बरीच वर्षं झाली. नामदेवला मी सगळं सांगितलं, त्याने लिहा म्हटलं, म्हणून लिहिते आहे. वाचणाऱ्याला आबांना खोटं म्हणायचं असेल तर त्याने आधी मला म्हणावं.

पुढच्याच थंडीत आबा गेले. नामदेवचा फोन आला, आणि मी दहाव्याला गावी गेले. नदीकाठी माणसं बेताचीच होती. विधी उरकत आले तेव्हा भागाबाई काठी टेकत, उतारावरून एकटीच येताना दिसली. अकरा-बारा वर्षं ती आबांशी बोलली नव्हती. पिंडाला हात जोडून ती माझ्या शेजारी दगडावर येऊन बसली.

"बारा वरीस मी त्याले बलावं नही," ती म्हणाली. "आते वाटस, बलावाले पाहिजे व्हतं. हात चुकना त्याना. मानूसना हात शे, चुकसच. पन खोटं कधी बोलना नही तो." मग माझ्याकडे वळली. "तुमी व्हतात ना तठे, बाई. तुमले ठाऊक शे."

"हो," मी म्हणाले. "मला ठाऊक आहे. खोटं कधी बोलले नाहीत ते."

तिने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. आबांसाठी मला करता आलं ते एवढंच, आणि तेही खोटं.